गच्ची नसलेली मंदाबाई

मंदाबाईंना परराष्ट्र धोरण हा शब्द ठाऊक नाही. ठाऊक असता तरी त्यांनी तो वापरला नसता, कारण एवढं लांबलचक बोलायला त्यांना वेळ नसतो. टीव्हीवर कोट घालून बसणारे तज्ज्ञ मात्र तो शब्द दर मिनिटाला वापरतात. छोटा देश मोठ्या शेजाऱ्यापासून दूर कसा सरकतो, यावर ते तासभर ओरडतात आणि शेवटी म्हणतात, परिस्थितीवर लक्ष ठेवावं लागेल. मला या लोकांचा मनापासून राग येतो. यांना एकदा जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत आणून मंदाबाईंच्या ओट्यावर बसवलं पाहिजे. चहा मिळेल, आणि अक्कलही.

आमच्या गल्लीत तीन पत्र्याची घरं आहेत. पहिलं मंदाबाई आणि तोतारामभाऊंचं, मधलं आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या बायकोचं, कामिनीचं, आणि तिसरं कोकिळाबाईंचं. कोकिळाबाई ब्लाऊज शिवतात. या तिन्ही घरांच्या डोक्यावर, कोपऱ्यात, जीवरामनानांचा दुमजली बंगला उभा आहे. नानांचं सिमेंट आणि पत्र्याचं दुकान आहे, म्हणजे आमच्या डोक्यावरचे पत्रेसुद्धा त्यांच्याकडचेच. बंगल्याला रंग दिला तेव्हा उरलेला हिरवा रंग त्यांनी आम्हा तिघांना वाटला. आम्हाला हिरवी दारं हवी होती का, हे कोणी विचारलं नाही. आज तिन्ही दारं हिरवी आहेत.

पण राज्य नानांचं नव्हतं, त्यांच्या बायकोचं होतं. लताअक्कांचं. आणि त्यांच्या राज्याचा पाया म्हणजे त्यांची गच्ची.

खान्देशात उन्हाळ्यात ज्याच्याकडे गच्ची नाही तो माणूस अर्धाच. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, मोठ्या गंजात त्या पिठाचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर हाताने पातळ थापून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायचे, याला सपाट आणि तापलेली जागा लागते. पन्हाळीच्या पत्र्यावर बिबडा घातला तर त्याचीही पन्हाळ होते. ज्या देशाला समुद्र नाही त्याला शेजाऱ्याच्या बंदरातून माल न्यावा लागतो म्हणतात. आमचं बंदर म्हणजे लताअक्कांची गच्ची, आणि तिथे जायचा जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून.

बंदराचे नियम होते. आधी लताअक्कांचं अर्धं पोतं, त्यांच्या सुरतच्या दोन मुलांसाठी. तिन्ही घरच्या बायकांनी हात लावायचा. मग अक्का ठरवतील त्या क्रमाने आमच्या पाळ्या. अक्का ज्यांच्याशी बोलत नाहीत त्यांच्याशी आम्हीही बोलायचं नाही. समोरच्या बाजूला दीड वर्षापूर्वी धुळ्याहून भिकुबाई राहायला आल्या. त्यांच्या वास्तुशांतीला अक्का गेल्या नाहीत, म्हणून गल्लीतलं कोणीच गेलं नाही. का गेल्या नाहीत? "त्या लोकांचं वेगळंच असतं," असं अक्का म्हणाल्या. वेगळं काय असतं ते आजवर कळलं नाही.

मंदाबाई मुक्ताईनगरकडच्या. बुटक्या, गोल, आणि कायम पदर खोचलेल्या, जणू आत्ताच कुणीतरी कामाला हाक मारणार आहे. भांडण हा त्यांचा प्रांत नव्हे. भाजीवाल्याने कमी तोललं तर त्या त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि तो लाजून दोन वांगी जास्त टाकतो. अशी बाई यंदा अडचणीत आली ती लेकीमुळे.

त्यांच्या नूतनचं लग्न माघात झालं, पुण्यात दिलीय. यंदा तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेक माहेरी येते, झोके घेते, गाणी म्हणते, आणि परत जाताना तिच्यासोबत बिबड्यांचा डबा गेलाच पाहिजे. पहिल्या आखाजीची लेक रिकाम्या हाताने सासरी गेली तर सासरचे काही बोलणार नाहीत कदाचित. पण मंदाबाईंना जन्मभर ते ऐकू येत राहील.

आणि लताअक्कांनी नेमकी यंदा मंदाबाईंची पाळी लावली आखाजीनंतर.

हा निरोप फुनक्यांच्या कढीसोबत आला. अक्कांचा स्टीलचा डबा, त्यात कढी आणि डाळीचे वाफवलेले फुनके, वर निरोप. कारण सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. गेल्या साली अक्कांचे भाऊ आले होते, त्यांनी मंदाबाईंचा बिबडा खाल्ला आणि अक्कांच्या देखत म्हणाले, "याला म्हणतात बिबडा." माणसाने जेवताना तोंडावर ताबा ठेवावा.

मंदाबाईंनी निरोप ऐकला, कढी खाल्ली आणि विचार केला. आमच्याकडे आलेलं भांडं कधी रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मंदाबाईंनी ठरवलं की या डब्यातून शेंगदाण्याचे लाडू न्यायचे, अक्कांच्या सुनांची चौकशी करायची, आणि उठता उठता पाळीचं बोलायचं. त्या दाणे भाजायला बसल्या.

तेवढ्यात तोतारामभाऊंनी मदत केली.

तोतारामभाऊ एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरकामात मदत करायचा रोग लागला आहे. ओट्यावर अक्कांचा डबा दिसला. त्यांनी तो राखेने घासला, लख्ख केला, पुसला आणि स्वतः नेऊन दिला. रिकामा.

ते परत आले ते खुशीत. "लय चकाचक केला होता. अक्कांनी झाकण काढून आत पाह्यलं, बराच वेळ पाह्यलं."

"काय म्हणल्या?" मंदाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली.

"म्हणल्या, तोतारामभाऊ, निरोप पोचला."

लताअक्का एरवी आमच्यासारख्याच बोलतात. चिडल्या की शुद्ध बोलतात. "निरोप पोचला" हे फारच शुद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. कोकिळाबाई घाट्याचा मोठा गंज मागायला गेल्या तर कळलं की गंज कल्हईला गेला आहे. गंज ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमला कल्हई करणारा माणूस जळगावात असेल तर त्याला मला भेटायचं आहे.

मी मंदाबाईंना म्हणालो, "वहिनी, माफी मागून मोकळ्या व्हा."

"माफी कायची मागू भाऊ? भांडं घासून देलं याची?" त्या दाणे कुटत होत्या. "आन मागितली तर पुढच्या साली माही पाळी दिवाळीले येईल."

हे मात्र टीव्हीवर कोणी सांगत नाही. एकदा वाकलं की पुढच्या वेळी तिथूनच वाकायला सुरुवात करावी लागते.

लाडू तयार झाले. मंदाबाईंनी ते आपल्या डब्यात भरले, पदर झटकला, आणि सगळ्या गल्लीदेखत, भरदुपारी, समोर भिकुबाईंच्या घरी गेल्या. मी खिडकीत होतो. कामिनी माझ्या मागे, आणि कोकिळाबाई आमच्या घरी का आल्या होत्या हे त्यांनाच ठाऊक. वर बंगल्याच्या खिडकीचा पडदाही हलला.

भिकुबाई उंच, हाडकुळ्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांचा मुलगा कुंदन पाइपच्या कारखान्यात कामाला आहे, तो दिवसभर बाहेर. दार उघडल्यावर त्या आधी मंदाबाईंकडे, मग डब्याकडे बघत राहिल्या.

"ये वं बहीण, बस," त्या म्हणाल्या, आणि ते आम्हाला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. "दीड वरीस व्हयनं माले आठे येईसन. आज पहिल्यांदा कोनी दारमा ऊनं."

मंदाबाईंनी गच्चीचा विषय काढायच्या आतच डोळे पुसले म्हणतात. मुत्सद्दीपणा नव्हता तो, त्यांना खरंच वाईट वाटलं. बाईने वास्तुशांतीला खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या आणि गल्लीतलं माणूस फिरकलं नव्हतं. मग लाडू खाता खाता गच्चीचं निघालं.

"गच्ची? ती ते रिकामीच शे. बठ्ठी तुनीच समज."

सगळी गच्ची मंदाबाईंना, आणि तिचा जिना बाहेरून. हे फार महत्त्वाचं. जिना कुणाच्या स्वयंपाकघरातून जात नाही. शिवाय भिकुबाईंकडे धुळ्याहून आणलेला गंज होता, एवढा मोठा की त्यात कुंदन लहानपणी आंघोळ करायचा.

ज्वारी भिजली, दळून आली, आता प्रश्न होता उरलेल्या दोन घरांचा. एकट्या बाईच्याने बिबडे होत नाहीत. एकीने घाटा हाटायचा, एकीने थापायचे, एकीने धोतरं ओली करून पसरायची.

कोकिळाबाईंची पंचाईत अशी की त्या दोन्हीकडचे ब्लाऊज शिवतात. त्यांनी विचार करून जाहीर केलं, "हात मंदाबाईकडे आन तोंड अक्कांकडे." म्हणजे बिबडे थापायला जायचं, पण थापताना अक्कांबद्दल वाईट बोलायचं नाही. असं धोरण ठेवणाऱ्या देशांना टीव्हीवर मोठा मान असतो. कोकिळाबाईंना नुसता एक टोमणा मिळाला, कामिनीकडून.

आमच्या घरात मी निर्णय द्यायचं ठरवलं. मी केळीच्या ट्रान्सपोर्टमध्ये कारकून आहे, दोन्ही बाजू तोलून बोलायची मला सवय आहे. मी कामिनीला नीट समजावत होतो की नानांचा आपल्यावर उपकार आहे, दाराचा रंग आहे, पण दुसरीकडे माणुसकीही आहे, आणि या सगळ्याचा विचार करता... तेव्हा लक्षात आलं की कामिनी खोलीत नाही. ती समोरच्या जिन्यावर होती, डोक्यावर ओल्या धोतरांची बादली घेऊन.

पहाटे घाटा शिजला. गल्लीभर जिऱ्याचा, तिळाचा आणि लसणाचा वास सुटला. लसणाचा जरा जास्तच, कारण भिकुबाई गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि हुकूम सोडत होत्या.

"लसूण मोप टाका. आम्हना धुळाकडे बिबडा खाधा का दुसरा दिन लगून तोंडले वास येवाले जोयजे."

"पुण्याले पाठवायचे आहेत माय," मंदाबाई म्हणाल्या.

"मंग पुनाले बी समजू दे."

धोतर असं पसरा, तसं नको. पातळ थापा, एवढं पातळ नको. चहा वर नेऊन द्यायला मला बोलावलं होतं. तेव्हा कोकिळाबाई मंदाबाईंच्या कानाशी लागल्या, "ही बी लताअक्काच निघाली."

"गच्चीवर खुर्ची टाकली का तसंच होते बाई," मंदाबाई म्हणाल्या, आणि पुढच्या घाण्याला भिकुबाईंचं लक्ष नसताना लसूण निम्मा केला. मग तेल घातलेल्या घाट्याची पहिली वाटी आधी भिकुबाईंच्या हातात दिली. त्या खूश झाल्या. मी बघत होतो, आणि सांगतो, मला या बाईचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी धोतराला मागून पाणी मारून बिबडे सोडवले आणि पुरते वाळायला खाटांवर टाकले. कावळ्यांपासून राखण करायला तोतारामभाऊ, हातात काठी. आखाजी दोन दिवसांवर होती.

दुपारी वावटळ आली.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे उभ्या उन्हात अशी भिंगरी उठते, कागद, पालापाचोळा आणि एखाद्याची टोपी घेऊन निघून जाते. ही भिंगरी भिकुबाईंच्या गच्चीवर चढली. वाळलेला बिबडा म्हणजे वजन ते काय. खाटांवरचे बिबडे उठले, गोल गोल फिरले आणि गल्लीवरून उडत निघाले. तोतारामभाऊंनी मदत म्हणून एका खाटेवर पालथं झोकून दिलं. त्यांच्या पोटाखालचे बिबडे उडाले नाहीत. त्यांचा चुरा झाला.

काही बिबडे आमच्या पत्र्यावर पडले, काही गटारात. आणि निम्म्याहून जास्त, अगदी पत्ता विचारून गेल्यासारखे, लताअक्कांच्या गच्चीवर उतरले.

नव्याने करायचे तर ज्वारी भिजायलाच तीन दिवस लागतात. भिकुबाई म्हणाल्या, "मी जास आन आणस, माले कोन अडावस देखू." कामिनीने नानांना फोन लावायला सांगितलं. मंदाबाई खाली बसल्या होत्या. संध्याकाळी नूतन येणार होती. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चाला भाऊ, तुम्ही नुसते उभे ऱ्हा."

नुसतं उभं राहायला मी चांगला आहे. आम्ही अक्कांच्या स्वयंपाकघरातून वर गेलो. कुलूप काढलेलं होतं.

लताअक्का पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकट्या बसल्या होत्या. समोर टोपली, आणि टोपलीत वेचून ठेवलेले बिबडे, एकावर एक. शेजारी झाकलेलं मोठं पातेलं. त्यातून आंबूस वास येत होता. अक्कांनी ज्वारी भिजवली होती, दळून आणली होती. बायका दोन दिवसांत हात जोडत येतील असा त्यांचा हिशेब होता. बायका आल्या नव्हत्या. अर्ध्या पोत्याच्या पिठाचं एकट्या बाईने काय करायचं?

"कोणाचे आहेत हे?" अक्कांनी शुद्ध विचारलं.

"माहे."

"कशावरून? माझ्या गच्चीवर आहेत."

मी घसा खाकरला. कोणी लक्ष दिलं नाही.

अक्कांनी वरच्या बिबड्याचा तुकडा मोडला, चावला. "लसूण कोणी घातला एवढा?"

"भिकुबाईनं."

"तरीच." त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

मंदाबाई खाली बसल्या. पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं, पिठात बोट घालून चाटलं. "अक्का, हे उद्या नही झालं तर फेका लागीन."

"फेकेन."

"पोरांसाठी केलं ना?"

अक्कांनी झाकण परत ठेवलं. मग बोलल्या ते शुद्ध नव्हतं. "पोरं कुठी खातात व मंदा. सुना म्हणतात पाठवू नका, जागा नही. नानाले पित्त होते."

"मंग कायले करता एवढं?"

"तुम्ही येता ना चार बाया वर."

मला वाटलं आता दोघी रडतील आणि मला कुठे बघावं कळणार नाही. पण मंदाबाई वेगळ्या मातीच्या. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी येतो आम्ही तिघी. आन भिकुबाई."

"ती कायले?"

"तिचा गंज मोठा आहे. तुमचा कल्हईले गेला ना."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की काय ते मला दिसलं नाही, पण खांदे हलत होते.

"आन आणखी एक," मंदाबाई टोपली उचलता उचलता म्हणाल्या. "आता पाळी कोणी लावायची नही. ज्याले आधी गरज त्याचं आधी. तुमच्या गच्चीवर बी आन तिच्या बी."

अक्का हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. मोडलेला बिबडा त्यांनी टोपलीत परत टाकला नाही, तो खात बसल्या. टीव्हीवर याला करार म्हणतात आणि दोन्ही बाजूंचे पुढारी हात हलवतात.

सकाळी लताअक्कांच्या गच्चीवर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अक्का, दुसरीवर भिकुबाई. लसूण किती, यावर दोघींचं सूर्य वर येईपर्यंत चाललं होतं, आणि दोघींना आम्हा तिन्ही घरांकडे लक्ष द्यायला अजिबात सवड नव्हती. मंदाबाईंनी त्या गडबडीत आपल्या उरलेल्या बिबड्यांना एक ऊन दिलं. गटारातले आणि पोटाखालचे सोडून डबा गळ्यापर्यंत भरला. वरची रिकामी जागा भिकुबाईंनी भरली, ती भरलेली बघून अक्कांनी दुसरा डबा भरून दिला.

आखाजी झाली. नूतन झोके खेळली, गाणी म्हटली, चार दिवसांचं तीन दिवसांत हसून घेतलं. परवा सकाळी निघाली. रिक्षात दोन डबे, एक बॅग आणि ती. मंदाबाई रिक्षाला धरून उभ्या होत्या. आया या वेळी सांगतात की सासूचं ऐक, वेळेवर जेव. मंदाबाईंनी तेही सांगितलं, आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "आन पाह्य, तिथं कोणाची गच्ची मोठी आहे ते बघजो. तिच्याशी गोड ऱ्हाय. पण एकटीशीच नको राहू, दुसरीशी बी ओळख ठेव."

नूतनचे डोळे भरून आले होते. "आई, आमची अकरा मजल्यांची बिल्डिंग आहे. कोणी कोणाच्या दारात येत नाही. आणि गच्चीला कायम कुलूप असतं."

मंदाबाई ऐकत होत्या. रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली. मंदाबाईंनी पदराने नाक पुसलं, हात काही सोडला नाही, आणि विचारलं, "किल्ली कोणाजवळ असते?"